एका मिनिटाची शिल्लक

केंद्र सरकारच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात खर्चाचा अंदाज होता 50,65,345 कोटी रुपये. दर सेकंदाला एक रुपया मोजत बसलं, तर ही रक्कम मोजून संपायला 16 लाख वर्षं लागतील. सरकार ती बारा महिन्यांत खर्च करतं. दिवसाला जवळजवळ 13,900 कोटी, मिनिटाला साडेनऊ कोटींहून जास्त. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी 26 नोव्हेंबर 1947 रोजी स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला, त्यातला साडेसात महिन्यांचा खर्च होता सुमारे 197 कोटी. रुपया तेव्हा फार मोठा होता हे खरं, तरी आज तेवढी रक्कम वीस मिनिटांत जाते.

या पैशाचा खजिनदार कोण? आपल्याकडे तो एक माणूस नाही. पैसा उभा करायचा अर्थ मंत्रालयानं, हिशेब ठेवायचा लेखा महानियंत्रकांनी, खातं सांभाळायचं रिझर्व्ह बँकेनं. केंद्राचं हे मुख्य खातं बघणारा बँकेचा विभाग नागपुरात आहे. त्या खात्याचा एक नियम मला वरच्या सगळ्या आकड्यांहून थक्क करतो: कामाच्या दिवशी किमान शिल्लक 10 कोटी, शुक्रवारी 100 कोटी. प्रत्यक्षात शिल्लक बहुतेक वेळा कितीतरी जास्त असते. पण नियमानं चालणारे 10 कोटी म्हणजे देशाच्या खर्चाचं जेमतेम एक मिनिट!

म्हणून खजिनदारीचा खरा कस लागतो तो वेळ जुळवण्यात. पगार आणि पेन्शन दर महिन्याला द्यावीच लागतात. आगाऊ प्राप्तिकराचा मोठा भरणा मात्र जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेच्या आसपास येतो. मधली खिंड 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे अल्पमुदतीचे कर्जरोखे, विकून लढवायची. तरीही कमी पडलं, तर रिझर्व्ह बँकेकडून ठरलेल्या मर्यादेत तात्पुरती उचल. 1997 पर्यंत शिल्लक घसरली की बँक खास बिलांच्या बदल्यात आपोआप पैसे पुरवायची. ती वाट बंद केली, हे फार चांगलं झालं.

उसनवारीचा भार मात्र वाढतच गेला. 2025-26 च्या अर्थसंकल्पात नुसत्या व्याजासाठी 12,76,338 कोटी होते, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयातले पंचवीस पैसे. सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे संचित निधीतून, कायद्याशिवाय एक पैसाही काढता येत नाही, असं राज्यघटना सांगते. पण व्याज हा 'भारित' खर्च. त्यावर लोकसभेला चर्चा करता येते, मतदान करता येत नाही.