मणिबेलीला कुणी विचारलं?

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. नर्मदेच्या पाण्याचा निवाडा लवादाने १९७९ साली दिला. पक्षकार होती मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान ही चार राज्यं. ज्यांची शेतं आणि जंगल बुडणार होतं, ती आदिवासी गावं त्यात कुठेच नव्हती. निर्णय बिघडतो तो बहुतेकदा इथेच: ज्याला किंमत मोजायची आहे, तोच बैठकीला नसतो.

धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. खोऱ्यातला विरोध वाढल्यावर बँकेने १९९१मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. समिती गावांमध्ये जाऊन लोकांशी बोलली आणि १९९२च्या अहवालात म्हणाली, आधी मागे या, सगळं पुन्हा तपासा. बँकेने ते पूर्ण मानलं नाही, पण पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या अटी घातल्या, मुदतही दिली. मुदत संपत आली तेव्हा, मार्च १९९३मध्ये, भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडलं. धरण थांबलं नाही, मणिबेली वाचलं नाही, ही सल कायमची आहे. तरी अशा अटी आणि मुदत घालून कुठे थांबायचं हे आधी ठरवण्याची रीत घरातही कामाची आहे. कर्ज काढून बोअर मारताना किती फुटांवर थांबायचं, हे मशीन दारात येण्याआधी लिहून ठेवावं. एकदा पैसा जमिनीत गेला, की तोच आपल्याला खोल ओढतो.

निर्णय घेण्याच्या रीतीत गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने आणखी एक गोष्ट साधली. तिथे अभ्यासगटात फक्त चर्चा होते. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. चर्चेत लगेच हो-नाही म्हणायचं नसल्याने माणूस मोकळेपणी शंका विचारतो. वेळ लागतो, पण मतदानात हरलेला गट मागे उरत नाही.

मणिबेलीचं नाव पुढे जगभर गेलं. १९९४च्या मणिबेली जाहीरनाम्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केल्या. बँकेच्या पैशातून झालेल्या मोठ्या धरणांची स्वतंत्र तपासणी व्हावी, ही त्यातली एक मागणी होती. १९९८ साली जागतिक धरण आयोग नेमला गेला. वीजयंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचे प्रमुख आणि नर्मदेतल्या धरणविरोधी आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर त्यात शेजारी बसले. २०००च्या अहवालात आयोगाने आदिवासींची संमती आधी, पूर्ण माहिती देऊन घ्यावी असं सांगितलं. पाटकरांनी अहवालावर सही केली आणि जे पटलं नाही, ते स्वतंत्र टिपणात लिहून त्याच अहवालाला जोडलं.