घटसर्प कुणाचा, माणसाचा की बैलाचा?

धानाचे परे टाकून झाले, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील खेड्यांत रोवणीचे वेध लागतात. चिखलणीसाठी बैलजोडी धडधाकट लागते. नेमका याच दिवसांत, पावसाळ्याच्या तोंडाशी, गुरांमध्ये 'घटसर्प' डोके वर काढतो. बैल तापाने फणफणतो, गळ्याखाली सूज येते, श्वासाला घरघर लागते आणि वेळेवर उपचार न झाल्यास अनेकदा एका दिवसात तो दगावतो. जोडीतला एक बैल गेला, तर त्या घरची रोवणीच अडते.

हा शब्द इंग्रजीत न्यायचा झाल्यास सामान्य शब्दकोशात 'डिप्थेरिया' हा पर्याय सापडतो. तो चुकीचा नाही. पण तो माणसापुरता खरा आहे. गुरांच्या घटसर्पाला पशुवैद्यक 'हेमोरेजिक सेप्टिसेमिया' म्हणतात. दोहोंचे जंतू वेगळे आणि लसीही वेगळ्या. लोकांनी नाव ठेवले तेव्हा जंतू कोणी पाहिला नव्हता. गळा सुजून श्वास कोंडतो, एवढेच डोळ्यांना दिसले आणि माणसाच्या व जनावराच्या रोगाला एकच नाव पडले. म्हणूनच भाषांतर करणाऱ्याने अर्थ शोधण्याआधी रुग्ण कोण, हे विचारावे लागते.

ही अडचण केवळ मराठीची नाही. स्पॅनिश भाषेत 'आंत्राक्स' हा शब्द वैद्यकात प्रामुख्याने माणसाच्या त्वचेवरील गळवांच्या पुंजक्यासाठी वापरला जातो. इंग्रजीतील 'अँथ्रॅक्स' या रोगाला तेथे 'कार्बुंको' म्हणतात. स्पॅनिश मजकूर इंग्रजीत नेताना दिसायला सारखा शब्द तसाच उचलला, तर निदानच बदलते. गंमत म्हणजे 'अँथ्रॅक्स'चे ग्रीक मूळ आणि 'कार्बुंको'चे लॅटिन मूळ, दोन्हींचा अर्थ कोळशाशी निगडित आहे. माणसाच्या कातडीवर या रोगाचा काळा व्रण उठतो. मराठीतील 'काळपुळी' या नावामागेही हाच काळा रंग आहे. तीन समाजांनी एकच खूण पाहिली, शब्द मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेले.

गुरांच्या काळपुळीला आपल्याकडे 'फाशी' असेही म्हणतात. फाशी, घटसर्प आणि फऱ्या या तिन्ही रोगांत जनावर अचानक तापते आणि झटपट मरते. त्यामुळे नावांची गल्लत सहज होते. घटसर्पात सूज गळ्याशी असते. फऱ्यात ती बहुधा मागच्या फऱ्यावर येते, दाबली असता करकर वाजते आणि जनावर लंगडते. 'एकटांग्या' हे दुसरे नाव त्यावरूनच पडले. फाशीत मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून व गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते. असे जनावर फाडायचे नसते, त्याचे कातडेही काढायचे नसते. हवेशी संबंध येताच जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. येथे एका शब्दाची चूक माणसांच्याही जिवावर बेतू शकते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हा शब्दप्रवास आणखी लांबतो. लसीच्या बाटलीवर इंग्रजी, दवाखान्यात मराठी, भामरागडकडे माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंच्यात तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील वसाहतींत बंगाली. माडिया, गोंडी आणि तेलुगू या द्राविडी कुळातील भाषा आहेत. 'घटसर्प' या शब्दाची फोड करून तो त्यांत उतरवला, तर जंगलालगतच्या गावात साप चावल्याचाच समज व्हायचा!

शब्द जसाच्या तसा उचलल्यानेही काम भागत नाही. २०१९ मध्ये भारतात आढळलेला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरलेला 'लम्पी' रोग त्याच नावाने रुळला. इंग्रजीत 'लम्प' म्हणजे गाठ. पण इंग्रजी न जाणणाऱ्या पशुपालकाला त्या नावातून काहीच उमगत नाही. याउलट कोंबड्यांच्या 'मानमोडी'चे पाहा. इंग्लंडमधील एका शहरावरून 'न्यूकॅसल' आणि उत्तराखंडातील एका गावावरून 'राणीखेत' अशी तिची दोन नावे झाली. दोन्ही नावे गावांची, लक्षण एकातही नाही. मान वाकडी होते, हे मराठी नावच तेवढे सांगते.

त्यामुळे पशुरोगाची माहिती भाषांतरित करताना शब्दाला शब्द देऊन थांबता येत नाही. गावात चालणारे नाव, अंगावर दिसणारी खूण आणि तातडीने करायची कृती या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्या लागतात. 'घटसर्प: गुरांच्या गळ्याला सूज, पावसाळ्यापूर्वी लस टोचा' एवढी ओळ ऐकणाऱ्याच्या बोलीत पोहोचली, तर रोवणीला बैल उभा असण्याची आशा वाढते.