सरपण फोडताना कोयता की कुऱ्हाड?



घरात धान्याची कणगी भरलेली असली, तरी चुलीपुढे सरपण नसेल तर भाकरी होत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, खेड्यापाड्यांत गॅसची शेगडी पोचली, हे फार चांगले झाले. पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरावे लागते. त्यामुळे आंघोळीचे पाणी, भाकरीचा तवा, जनावरांचे आंबोण हे पुष्कळ घरी अजूनही जळणावरच होते. शेतातली वस्ती, मेंढरांचा वाडा आणि ऊसतोडीचा मुक्काम येथे तर लाकूडफाट्यावाचून पान हलत नाही.

असे असूनही, सरपण फोडायला काय हातात घ्यावे याचा विचार आपण करीत नाही. जे हाताशी सापडेल ते घेतो. बहुधा तो कोयता असतो. डाव्या हाताने लाकूड उभे धरायचे आणि उजव्या हाताने कोयता हाणायचा, ही रीत घरोघर दिसते. नेम चुकला की बोट जाते. म्हणून आज या साध्या दिसणाऱ्या कामाबद्दल चार गोष्टी सांगतो.

कापणे वेगळे, फाडणे वेगळे

लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा. पेंढी आडवी तोडायची तर धारदार पाते लागते. पण तीच पेंढी उभी उकलायची असेल, तर धारेपेक्षा मध्ये काहीतरी जाड घुसवावे लागते. लाकडाचेही तसेच. त्याचे धागे उभे असतात. फांदी आडवी तोडणे हे कापण्याचे काम, आणि ओंडका उभा चिरणे हे फाडण्याचे काम.

कोयत्याचे पाते पातळ आणि वजनाला हलके असते. ते कापण्यासाठी घडवलेले आहे. जाड ओंडक्यात ते शिरते, पण दोन्ही बाजूंना लाकूड ढकलीत नाही. तिथेच रुतून बसते. मग आपण ते हिसकून काढतो, आणि या हिसक्यात अपघात होऊ शकतो.

कुऱ्हाड ही दांड्याला बसवलेली पाचरच होय. तिचे गाल जाड असतात, वजन पुढे असते. ती लाकडात शिरते तसतशी दोन्ही फाकी बाजूला सारते. विळीवर भाजी चिरतात, पण डाळ भरडायला जातेच लागते. तसाच हा प्रकार आहे.

मनगटाचा हिशेब

मग कोयता सरपणाला लावूच नये काय? तसे मुळीच नाही. एक सोपा हिशेब ध्यानात ठेवा. मनगटापेक्षा जाड लाकूड कुऱ्हाडीचे, मनगटाएवढे आणि त्याहून बारीक लाकूड कोयत्याचे. फांद्या साळणे, काटक्या तोडणे, बांबू उभा चिरणे, चूल पेटवायला ढलप्या काढणे ही कामे कोयता उत्तम करतो. उलट बारीक लाकडावर कुऱ्हाड उगारणे धोक्याचे. लाकूड उभे राहत नाही म्हणून ते हाताने धरावे लागते, आणि वजनदार कुऱ्हाड हात पाहत नाही.

बारीक लाकूड कोयत्याने चिरण्याची सुरक्षित पद्धत अशी. लाकूड ठोकळ्यावर उभे करा. कोयत्याचे पाते त्याच्या माथ्यावर नुसते टेकवा. मग पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने किंवा जाड दांडक्याने ठोका. पाते थोडे रुतले की लाकडावरचा डावा हात काढून घ्या आणि ठोकत जा. इथे कोयता उगारावा लागत नाही, त्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्नच येत नाही. ठोकायला दगड किंवा हातोडी मात्र घेऊ नका. पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

कुऱ्हाड चालवताना

कुऱ्हाडीखाली लाकडाचा रुंद ठोकळा हवा. नुसत्या जमिनीवर घाव घातला तर धार दगडाला लागते आणि चुकलेला घाव पायावर येतो. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करा, म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतेल. पाय फाकून उभे राहा. पायात चप्पल-बूट असावा. पदर खोचलेला असावा, धोतराचा सोगा मोकळा नसावा. मुले दहा-बारा फूट लांब असावीत.

ओंडक्याला उन्हाने पडलेली भेग असेल तर घाव त्या भेगेवरच घाला. फार जाड ओंडका असेल तर मधोमध घाव घालण्याऐवजी कडेच्या फाकी आधी काढा. गाठ असलेली बाजू खाली ठेवा. कुऱ्हाड अडकली तर तिच्या डोक्यावर घण घालू नका. भेगेत पाचर ठोकून ती मोकळी करा.

दांडा सैल झाला की रात्रभर पाण्यात भिजवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. भिजला की तो फुगतो आणि घट्ट वाटतो. पण वाळला की पूर्वीपेक्षा अधिक सैल होतो, आणि ऐन घावात पाते निसटते. त्यापेक्षा वरून सुक्या लाकडाची पाचर ठोकावी. दांडा बदलायचा तर सरळ धाग्याचा, बिनगाठीचा घ्यावा. धामणीचे लाकूड लवचिक असते, हादरा सोसते, म्हणून दांड्याला ते चांगले.

फोडलेले लाकूड लवकर वाळते

ओल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चुलीत घातल्यावर आधी ते पाणी जावे लागते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे तुमचे जळण भात शिजवण्याऐवजी स्वतःचेच पाणी आटवीत बसते. त्यात धूर होतो तो वेगळाच, आणि तो चुलीपुढे बसलेल्या माउलीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

साल असलेल्या अखंड ओंडक्यातून ओल फार हळू बाहेर पडते. तोच ओंडका चौफाळला की आतले अंग उघडे पडते आणि तो कितीतरी लवकर वाळतो. म्हणून लाकूड आधी फोडून मग रचावे. निलगिरी तर ओली असतानाच फोडून घ्यावी. वाळली की ती फार चिवट होते. फोडलेले जळण विटांवर किंवा दगडांवर, खालून हवा खेळेल असे रचून ठेवा आणि रोहिणी नक्षत्राच्या आत छपराखाली घ्या. पऱ्हाट्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांत गुलाबी बोंडअळी राहते, म्हणून त्या साठवून न ठेवता आधी जाळून संपवाव्यात.

ऊसतोडीच्या मुक्कामावर

ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून अशा टोळ्या कारखान्यांकडे निघतात. खोपीपुढे चूल मांडली जाते आणि दिवसभर ऊस तोडलेला कोयताच संध्याकाळी सरपणावर चालतो. बाई दमलेली असते, अंधार पडलेला असतो, जवळ लेकरू असते.

यात दुहेरी नुकसान आहे. गाठीवर आपटून कोयत्याला खांडे पडतात. दुसऱ्या दिवशी ऊस जमिनीलगत सफाईने तुटत नाही, बुडखा पिंजतो. ज्याच्या रानात खोडवा ठेवायचा आहे त्या बागायतदाराचेही त्यात नुकसान. आणि बोट तुटले तर त्या जोडीचा हंगामच बुडतो; उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. टोळीमागे एक कुऱ्हाड आणि एक ठोकळा ठेवणे कोणत्याही मुकादमाला जड नाही. ज्याच्या रानात टोळी उतरली असेल त्या शेतकऱ्याने आपल्या घरची कुऱ्हाड तासभर दिली, तरी चार दिवसांचे जळण फुटते.

जखम झालीच तर

स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. राख, तंबाखू, चुना असे काही भरू नका. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखम लहान असली तरी दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

कर्त्या पुरुषांना शेवटी एवढेच सांगणे आहे. जाड लाकूड फोडण्याचे काम रोज संध्याकाळी घरच्या बाईवर टाकू नका. उन्हाळ्यात दोन दिवस काढून ओंडके कुऱ्हाडीने फोडून, रचून द्या. मग वर्षभर तिच्या हातातल्या कोयत्याला त्याच्या जोगेच काम राहील. चूल लवकर पेटेल, धूर कमी होईल आणि दहाही बोटे शाबूत राहतील.