न संपणारी वजाबाकी

परभणी जिल्ह्यातल्या चुडावा स्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट पाहत कुणी मोबाइलवर तिकीट काढतो, कुणी बियाण्याचे पैसे पाठवतो. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, की आपण म्हणतो, ‘रेंज नाही.’ बहुतेक वेळा ते खरेच असते. पण कधी रेंज भरपूर असते आणि अडकलेला असतो पलीकडचा सर्व्हर. त्याला अडकवायला पासवर्ड चोरावा लागत नाही; न संपणारे एक गणित घातले तरी पुरते.

असे गणित कसे असते? देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची प्रसिद्ध रीत आठवा. चार अंकी संख्या घ्या; तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा; उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. आता संगणकाला सांगितले, ‘६१७४ येईपर्यंत थांबू नकोस,’ आणि कुणी खोडसाळपणे ११११ दिले तर? उत्तर शून्य. पुन्हा शून्य. संगणक कंटाळत नाही, तो वजाबाकी करतच राहतो.

२०२२ मध्ये ‘ओपनएसएसएल’मध्ये नेमकी अशीच चूक सापडली. इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करून सुरक्षित पाठवणारी ही मोफत सॉफ्टवेअर लायब्ररी जगभरातले असंख्य सर्व्हर वापरतात. त्यात भागाकाराच्या बाकीवर चालणारे वर्गमूळ काढावे लागते. आठवड्याचे उदाहरण घ्या. तीन त्रिक नऊ. नऊ दिवस म्हणजे एक आठवडा आणि दोन दिवस. म्हणून सातच्या हिशेबात दोनचे वर्गमूळ तीन. ओपनएसएसएलची रीत सातसारख्या मूळ संख्येसाठी होती. मूळ नसलेली संख्या मुद्दाम निवडून दिली, तर ती रीत अखंड फिरत राही.

ही संख्या यायची डिजिटल प्रमाणपत्रातून, म्हणजे संगणकाच्या ओळखपत्रातून. खरी गोम इथे होती. प्रमाणपत्रावरची सही तपासण्याआधीच ते वाचले जाई. त्यामुळे ते खोटे असले तरी काम भागे. बाहेरून आलेले प्रमाणपत्र वाचणारा प्रोग्राम त्याच गणितात गुंतून पडे आणि बाकीचे ग्राहक ताटकळत. अशा हल्ल्याला ‘सेवा नाकारणे’ म्हणतात.

गुगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ही चूक शोधली. १५ मार्च २०२२ रोजी दुरुस्ती आली. फेऱ्यांवर मर्यादा घातली गेली. तेवढ्यात उत्तर मिळाले नाही, तर ‘चूक’ असे सांगून थांबायचे.

या चुकीमुळे माहिती चोरीला जात नव्हती. २०१४ मध्ये याच लायब्ररीत सापडलेल्या ‘हार्टब्लीड’मुळे सर्व्हरच्या स्मृतीतली गुपिते बाहेर पडू शकत होती, इथे फक्त काम थांबे. पण दवाखान्याची नोंदणी किंवा बँकेचा व्यवहार ऐनवेळी थांबणे, हेही नुकसानच.

उपाय साधा आहे. फोनवर ‘अपडेट करा’ अशी सूचना आली, की ‘नंतर’ म्हणून पुढे ढकलू नका. ज्यांच्याकडे संस्थेचा किंवा दवाखान्याचा सर्व्हर आहे, त्यांनी त्यावरची आवृत्ती आजच तपासावी. दुरुस्ती प्रसिद्ध होते, तेव्हा चूक नेमकी कुठे होती हेही सगळ्यांना कळते, खोडी काढणाऱ्यांनासुद्धा.