आयर्लंडमधील नित्याचीं दृश्यें आणि कॅमेरा

कॅमेरा हातीं आला म्हणजे प्रथम कशाचें चित्र घ्यावें असा प्रश्न मुलांस पडतो, आणि त्याचें उत्तर बहुधा एखादा किल्ला, धबधबा किंवा समारंभ असेंच मिळतें. रोजचा रस्ता किंवा रोजचा पक्षी कोणाच्या मनांत येत नाहीं. आयर्लंडांत मात्र अशा नित्याच्या दृश्यांचे फोटो घेण्याची आवड जुनी आहे. तिच्यापासून आपण काय शिकावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम प्रकाश पाहूं. डब्लिन शहर सुमारें ५३ उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्यें तेथील दिवस सुमारें १७ तासांचा असतो. डिसेंबरांत तो साडेसात तासांवर येतो, आणि भर दुपारींही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १३ अंश चढतो. त्यामुळें हिवाळ्यांत सावल्या दिवसभर लांबच असतात. शिवाय अटलांटिक महासागरावरून ढग सारखे येत असतात. ढग दिसले कीं आपण कॅमेरा पेटींत ठेवतों. परंतु ढगांतून गाळलेला प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहींत आणि हिरवळीच्या निरनिराळ्या छटा स्पष्ट उमटतात.

दुसरी गोष्ट अंतराची. डब्लिनच्या फिनिक्स उद्यानांत सतराव्या शतकापासून हरणांचा कळप राहत आला आहे. अलीकडे लोक हरणास गाजर दाखवून जवळ बोलावितात आणि त्याच्याशेजारीं उभे राहून फोटो घेतात. अशीं हरणें धीट होऊन माणसापुढें तोंड पसरूं लागतात. म्हणून हरणांपासून निदान ५० मीटर दूर राहावें आणि त्यांस कांहीं चारूं नये, अशी तेथील अधिकाऱ्यांची सूचना आहे. याच शहराजवळच्या बुल बेटावर हिवाळ्यांत कॅनडाच्या उत्तर टोकाकडून ब्रेंट हंस येतात. तेथें १९३१ सालापासून पक्ष्यांस अभय आहे. त्यांचें चित्र घेणाऱ्यानें दूर बसून वाट पाहावी. पक्षी दचकून उडाले, तर चित्र हुकतेंच. शिवाय लांबच्या प्रवासानें थकलेल्या जीवांची शक्ति व्यर्थ जाते.

आतां रस्त्यावरील चित्रांविषयीं. फादर फ्रान्सिस ब्राउन (१८८०–१९६०) यांचा जन्म कॉर्क शहरांत झाला. १८९७ सालीं चुलत्यांनीं त्यांस एक कॅमेरा दिला. एप्रिल १९१२ मध्यें ते 'टायटॅनिक' जहाजानें निघाले व क्वीन्सटाऊन, म्हणजे हल्लींचें कोव्ह, या बंदरावर उतरले. त्यामुळें ते स्वतः वाचले आणि जहाजावर घेतलेले त्यांचे फोटोही वाचले. त्या फोटोंनीं त्यांचें नांव जगभर झालें. परंतु आयुष्यभर त्यांनीं जें अधिक केलें तें साधें होतें : रस्ते, बाजार, कामकरी माणसें, खेळणारीं मुलें यांचीं चित्रें ते घेत राहिले.

त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षें हा संग्रह एका पेटाऱ्यांत पडून होता. १९८५ सालीं त्यांच्याच संघांतील एका धर्मगुरूंनीं तो उघडला, तेव्हां सुमारें ४२,००० निगेटिव्ह सांपडल्या. जुन्यापैकीं पुष्कळ नायट्रेट फिल्मवर होत्या. ही फिल्म आपोआप कुजते, म्हणून त्यांच्या प्रती नव्या फिल्मवर उतरवून घ्याव्या लागल्या. आणखी कांहीं वर्षें पेटारा बंद राहता, तर त्या काळचें कितीएक आयर्लंड कायमचें पुसलें गेलें असतें.

तथापि फिल्म वाचली एवढ्यानें काम भागलें नसतें. फादर ब्राउन यांनीं बहुतेक निगेटिव्हवर ठिकाण व तारीख नोंदून ठेविली होती. म्हणूनच आज त्या चित्रांतील रस्ता कोणता व काळ कोणता हें सांगतां येतें.

विद्यार्थीमित्रहो, आज फोटो घेण्यास फिल्म लागत नाहीं व खर्चही फारसा येत नाहीं. यामुळेंच नोंद करण्याचा कंटाळा वाढला आहे. घरासमोरील झाड, कोपऱ्यावरील दुकान, अंगणांत धान्य निवडणारी आजी यांचीं चित्रें घ्या आणि प्रत्येकाखालीं नांव, ठिकाण व तारीख लिहा. पालकांसही आमची एक विनंती आहे. घरांतील जुने फोटो काढून वडील माणसांजवळ बसा व त्यांतील नांवें विचारून घ्या. नांवें सांगणारीं माणसें आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.