सरकारी सेवेतील पदवीधर आणि बढतीची वाट

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील अभ्यासिकांतून लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत जे सहस्रावधी पदवीधर तरुण बसलेले असतात, त्यांचे सारे चित्त सेवेत प्रवेश कसा मिळेल या एकाच प्रश्नावर खिळलेले असते. प्रवेशानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत आपला हुद्दा कोठवर चढेल आणि कोणत्या नियमापाशी अडेल, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः मनुष्य ज्या पायरीवर सेवेत रुजू होतो ती पायरीच त्याचे पुढील आयुष्य बव्हंशी ठरवून टाकते, आणि अंगच्या गुणांना त्यानंतर फारसा वाव उरत नाही, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी असलेले, 1862 साली बी. ए. झालेले महादेव गोविंद रानडे 1871 साली पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले, सरकारच्या संशयी दृष्टीमुळे 1878 साली नाशिकला आणि पुढे धुळ्याला बदलून गेले, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानंतर 1893 साली उच्च न्यायालयाच्या आसनावर बसले. इतक्या असामान्य बुद्धीच्या पुरुषालाही पुण्यातील पहिल्या नेमणुकीपासून तेथवर पोहोचण्यास 22 वर्षे लागली. सनदी नोकरीची परीक्षा लंडनला होत असल्याने येथील बहुतेक पदवीधरांच्या वाट्याला मामलेदारी, मुन्सफी आणि कारकुनीच येत असे. 1886 साली सर चार्ल्स एचिसन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींतून प्रांतिक सेवा निर्माण झाली, तरी वरच्या जागांचा मोठा भाग सनदी अधिकाऱ्यांकडेच राहिला.

आजच्या महसूल खात्याचे उदाहरण घ्यावे. पदवीधर तरुण राज्यसेवा परीक्षेने थेट उपजिल्हाधिकारी होतो, तहसीलदार होतो, किंवा पदवी हीच अर्हता असलेल्या तलाठ्याच्या जागी येतो. पदवी तिघांची एकच, परंतु तलाठ्याला प्रथम मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार अशी चढण असते, तर खालच्या कारकुनाला विभागीय दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा ओलांडून अव्वल कारकून व्हावे लागते, आणि विहित मुदतीत व विहित संधींत त्या परीक्षा न सुटल्यास ज्येष्ठता गमवावी लागते. त्यातही अव्वल कारकुनाची ज्येष्ठता जिल्ह्यापुरती, नायब तहसीलदाराची महसूल विभागापुरती, म्हणजे आपल्याकडे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांपुरती, आणि तहसीलदारापासून पुढची साऱ्या राज्याची मोजली जाते. परिणामी एकाच दिवशी सारख्याच पात्रतेने दोन जिल्ह्यांत रुजू झालेल्या दोघांपैकी एकाला शेजारची जागा निवृत्तीने लवकर रिकामी झाली म्हणून बढती मिळते, आणि दुसरा, अधिक कर्तबगार असूनही, त्याच मेजावर त्याच मिसली हाताळीत वर्षे काढतो.

ही कुंठितता शासनाला ठाऊक नाही असे नाही. 1994 पासून 12 वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध पदोन्नतीचा लाभ देण्यात आला; पुढे आश्वासित प्रगती योजना आली, 2010 च्या सुधारणेने 12 आणि 24 वर्षांनंतर असे दोन लाभ ठरले, आणि 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने 10, 20 व 30 वर्षांनंतर असे तीन लाभ झाले. संसार चालविणाऱ्या मनुष्याला वाढलेली वेतनश्रेणी ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु या योजनेने पगार वाढतो, अधिकार वाढत नाही, आणि निर्णय घेण्याची जी क्षमता अनुभवाने परिपक्व झालेली असते तिचा लाभ राज्याला मिळत नाही.

पदोन्नतीतील आरक्षणाचा वाद न्यायालयांत आहे. 25 मे 2004 चा त्यासंबंधीचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरविला, आणि 7 मे 2021 च्या निर्णयाने बढत्या ज्येष्ठतेनुसार करण्याचे ठरले. अशा वादांत दोन्ही बाजूंचे पात्र लोक वर्षानुवर्षे ताटकळतात, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

माझ्या मते ज्येष्ठता सूची दरवर्षी ठरल्या दिवशी प्रसिद्ध व्हावी, विभागीय पदोन्नती समितीची बैठक जागा रिकामी होण्यापूर्वीच भरावी आणि गोपनीय अहवाल कपाटात पडून राहू नयेत. कारण वर जाताना वयाची अट आडवी येते. राज्य सेवेतून भारतीय प्रशासन सेवेत निवड होण्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्याची त्या हुद्द्यावर 8 वर्षे सेवा लागते आणि वयाची मर्यादा 56 वर्षे आहे, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर सूची रखडल्याने गेलेले प्रत्येक वर्ष तेथे कायमचे वजा होते. याखेरीज मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षा देऊन या राज्यात पोलीस शिपाई उपनिरीक्षक झालेले आहेत. तशीच वाट सातबारा, फेरफार आणि पंचनामे यांत मुरलेल्या पदवीधर तलाठ्याला थेट नायब तहसीलदारीकडे नेण्यासाठी मोकळी करावी, आणि तिच्यासाठी काही जागा राखून ठेवाव्यात.