उदासिनीकरणाची उष्णता

अम्ल व क्षारक (अम्लाशी विक्रिया झाल्यास लवण देणारा पदार्थ) यांच्या विरल जलीय विद्रावांची विक्रिया होऊन १ मोल पाणी तयार होताना जी उष्णता बाहेर पडते, तिला उदासिनीकरणाची उष्णता म्हणतात.

मापन : उष्णतारोधक आवरण असलेल्या पात्रात, म्हणजे उष्णतामापकात, समान तापमानाचे दोन्ही विद्राव मिसळून ढवळतात व ठराविक कालांतराने तापमान नोंदवितात. मापन चालू असता काही उष्णता परिसरात निसटते. म्हणून तापमान व काल यांच्या आलेखावरून मिश्रणाच्या क्षणीचे तापमान ठरवितात. तापमानातील वाढीस मिश्रण व पात्र यांच्या एकूण उष्णताधारकतेने गुणले असता बाहेर पडलेली उष्णता मिळते. उदा., लिटरमध्ये १ मोल या संहतीचे हायड्रोक्लोरिक अम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी ५० मिलि. मिसळल्यास ०·०५ मोल पाणी बनते, सु. २·८ किलोजूल उष्णता बाहेर पडते व पात्राने घेतलेली उष्णता वगळल्यास तापमान सु. ६·७° से. वाढते. दोन्ही विद्राव दुप्पट घेतल्यास उष्णता दुप्पट होते. परंतु तीमुळे तापणारे द्रवही दुप्पट असल्याने तापमानातील वाढ तेवढीच राहते.

महत्त्व : गेर्मां आंरी हेस (१८०२–५०) यांनी सल्फ्यूरिक अम्लात कमीअधिक पाणी मिसळून मग त्याचे अमोनियाने उदासिनीकरण केले. दोन्ही टप्प्यांतील उष्णतांची बेरीज प्रत्येक वेळी जवळजवळ सारखीच आली. त्यावरून त्यांनी १८४० मध्ये, एकूण उष्णता विक्रियेच्या मार्गावर अवलंबून नसते, हा नियम मांडला. प्रबल अम्ल व प्रबल क्षारक यांची कोणतीही जोडी घेतली, तरी उदासिनीकरणाची उष्णता जवळजवळ एकच (२५° से. ला सु. ५५·८ किलोजूल) येते. याचा उलगडा स्वान्टे अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांच्या आयन सिद्धांताने झाला. असे पदार्थ विद्रावात आयनरूपातच असतात. त्यामुळे प्रत्यक्ष विक्रिया हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी बनण्याची एवढीच असते.

दुर्बल अम्लाच्या बाबतीत त्याच्या आयनीभवनाची उष्णताही हिशेबात येते. हायड्रोसायानिक अम्लाच्या आयनीभवनात बरीच उष्णता शोषली जाते. त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइडाबरोबर सु. १२ किलोजूलच उष्णता मिळते. उलट हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाचे आयनीभवन उष्णता बाहेर टाकणारे असल्याने हे मूल्य सु. ६८ किलोजूल होते.

संहत विद्रावांच्या उदासिनीकरणात मिश्रण उकळून उसळू शकते. त्वचेवर अम्ल सांडल्यास त्यावर प्रबल क्षारक ओतणे याच कारणाने घातक ठरते. ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने धुणे आवश्यक असते.